काशीच्या मराठी घरांतील मसाल्याचा डबा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



काशीतील महाराष्ट्रीयांविषयी बोलावयाचे म्हटले की वक्ता कोणत्या वाटेने जाणार, हे श्रोत्यांना आता पाठ झालेले आहे. पैठणहून आलेले भट्ट घराणे, त्यातील नारायणभट्ट आणि त्यांचा ‘त्रिस्थलीसेतु’, १६७४ मध्ये रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट, एकनाथांनी १५७३ मध्ये याच नगरीत पूर्ण केलेले भागवत, अहल्याबाईंनी बांधलेले विश्वनाथाचे मंदिर, ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर. ही नामावळी अभिमानाची आहे आणि तिचा उच्चार या व्यासपीठावरून पुढेही होत राहावा. परंतु या थोर मंडळींना दोन वेळा जेवू कोण घालीत होते आणि त्या ताटात काय होते, याची चौकशी आजवर कोणी फारशी केलेली नाही. संयोजकांनी आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, म्हणून आम्ही आज ग्रंथालयाच्या दारातून न शिरता स्वयंपाकघराच्या दारातून शिरत आहोत.

मराठी स्वयंपाकघरात एक गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती विशेष आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही. लवंग, दालचिनी, वेलदोडा, जायफळ, मिरी, सुंठ या उष्ण आणि सुगंधी मसाल्यांना आपण गोडाचे व तिखटाचे असे दोन निराळे संसार थाटून दिलेले नाहीत. एकाच डब्यातून ते खिरीतही जातात आणि आमटीतही. ‘उष्ण’ हा शब्द आम्ही येथे स्वयंपाकघराच्या अर्थाने वापरीत आहोत. वैद्यांच्या ग्रंथांत लवंग आणि लहान वेलदोडा यांना शीत म्हटले आहे. सभेत बसलेल्या वैद्यमंडळींनी तेवढ्यापुरती आम्हांस क्षमा करावी.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे पुरणपोळी आणि कटाची आमटी. हरभऱ्याची डाळ शिजवून तिचे पाणी निथळावयाचे. त्या डाळीत गूळ घालून आटवले की पुरण होते. निथळलेल्या पाण्याची, म्हणजे कटाची, आमटी होते. डाळ एक, पातेले एक, चूल एक. पण येथून पुढे मसाल्याची वागणूक बदलते. पुरणात वेलदोडा आणि जायफळ पडते ते पुरण चुलीवरून उतरविल्यावर. अर्धा किलो डाळीला आठ-दहा वेलदोडे आणि पाव ते अर्धे जायफळ पुरते. हे दोन्ही सुगंध फार चंचल आहेत, उकळत्या गुळात ते वाफेबरोबर निघून जातात. जायफळ तर ऐनवेळी किसावे लागते. आमटीत मात्र लवंग आणि दालचिनी प्रथम तेलात परतली जातात, मग भाजलेल्या जिरे-खोबऱ्याबरोबर वाटली जातात आणि चिंच-गुळाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळतात. त्यांचा गंध पाण्यात सहजी उतरत नाही, तेल-तुपात उतरतो. म्हणून आमटीवर येणारा तो लाल तवंग हाच खरा मसाला होय. आमच्या एका वृद्ध काकू नव्या सुनेला एवढेच सांगत: “गोडाला वास शेवटी, तिखटाला वास आधी.” रसायनशास्त्राच्या पुस्तकात याहून अधिक काही सापडेल असे आम्हांस वाटत नाही.

भाताचे पाहा. नारळी भात किंवा साखरभात करताना तुपात चार लवंगा टाकून त्या फुलल्या की मगच तांदूळ परततात. मसालेभाताची सुरुवातही तशीच होते. तांदूळ शिजत येईपर्यंत दोन्ही भातांचा वास सारखाच असतो. पुढे एकात साखर आणि केशर पडते, दुसऱ्यात तोंडली आणि गोडा मसाला. आमच्या गल्लीतील एक शेजारीण या वासावरून आज आमच्या घरी सण आहे की पाहुणे, हे ओळखण्याचा प्रयत्न करीत असे आणि निम्म्या वेळा फसत असे.

‘गोडा मसाला’ या नावाने तर हे शेजारी नेहमीच गोंधळतात. “मीठा मसाला? दाल में?” हा प्रश्न ब्रह्माघाटापासून पंचगंगेपर्यंतच्या प्रत्येक मराठी गृहिणीने ऐकला असेल. त्यात साखरेचा कण नसतो, धने, तीळ, खोबरे आणि दगडफूल यांच्या सौम्य सुगंधामुळे त्याला गोडा म्हणतात, हे समजावून सांगेपर्यंत आमटीतील गुळाचा खडा त्यांच्या दृष्टीस पडतो आणि आपला सारा युक्तिवाद फुकट जातो.

आता काशीकडे वळू. मूळची सामग्री येथे कशी मिळत असेल, हा प्रश्न साधा नाही. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूर-अलाहाबादमार्गे जोडला गेला तो १८७० मध्ये. त्यापूर्वी देशावरून येथवरचा प्रवास महिन्यांच्या हिशेबाने मोजावा लागे. कोणी खोबऱ्याच्या वाट्या आणि आमसुलांचे पुडके घेऊन येत असेल, तर ते काही वर्षभर पुरणारे नव्हते. म्हणजे येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरांना येथल्याच बाजारातून आपला मसाला उभा करावा लागला असणार. आणि तो बाजार लहान नव्हता. विश्वेश्वरगंज आणि गोला दीनानाथ या पेठांत आजही शिरले की नाकात प्रथम मिरची जाते आणि मग हळूहळू इतर वास वेगळे ओळखू येऊ लागतात. हिमालयाच्या पायथ्याचे तमालपत्र आणि नेपाळकडील मोठा वेलदोडा काशीला पुण्याहून जवळ. हिंग हाथरसचे. चारोळी शेजारच्या मिर्झापूर-सोनभद्राच्या जंगलांतील. अडचण होती ती दगडफूल आणि नागकेशर यांची. त्यांतील पहिले येथे ‘पत्थरफूल’ किंवा ‘छरीला’ म्हणून मिळते, आणि दुसरे किराणा दुकानात न मिळता काष्ठौषधी व पूजेचे सामान विकणाऱ्या पंसाऱ्याकडे मिळते, हे ज्याने प्रथम शोधून काढले, त्या अनाम गृहस्थाचे वा गृहिणीचे आपणां सर्वांवर मोठे उपकार आहेत.

त्यामुळे आमच्या मुलांना प्रत्येक जिन्नसाची दोन नावे येतात. सुके खोबरे म्हणजे गरी, जायपत्री म्हणजे जावित्री, शहाजिरे म्हणजे स्याह जीरा. पुष्कळ घरांत आता मराठी बोलतानाही ‘जावित्री’च तोंडात येते. आम्हांस त्याचे वाईट वाटत नाही. जिन्नस डब्यात असावा, त्याचे नाव कोणत्याही भाषेत असो. तांदळाचेही तसेच झाले. आंबेमोहोराची आठवण काढून उसासे टाकण्याऐवजी येथील घरांनी चंदौली-मिर्झापूरकडचा आदमचिनी तांदूळ आपलासा केला. आखूड दाण्याचा हा सुवासिक तांदूळ मसालेभातात इतका सुरेख उतरतो की एकदा खाल्लेला माणूस बासमतीचा आग्रह धरणार नाही. वांग्याच्या बाबतीत मात्र तडजोड करावी लागली. रामनगरचा भंटा भरतासाठी नामांकित खरा, पण त्यात मसाला भरावयाचा म्हणजे एका वांग्यात सारे कुटुंब जेवावे लागेल.

परंतु काशीने आपल्याला केवळ पर्यायी जिन्नस दिले असे समजणे अपुरे होईल. या नगरीची स्वतःची पाककलाही त्याच न्यायाने चालते, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. येथील लवंगलता हे पक्वान्न घ्या. मैद्याच्या पारीत खव्याचे सारण ठेवून चौकोनी घडी घालतात, ती सुटू नये म्हणून वर एक लवंग टोचतात, तुपात तळतात आणि पाकात सोडतात. ती लवंग टाचणीचेही काम करते आणि सुगंधाचेही. आपल्या गोविंदविड्यातील लवंगेची ती सख्खी बहीण. थंडीच्या पहाटे चौखंभा आणि ठठेरी बाजाराकडे मिळणारा मलइयो म्हणजे रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा घुसळून काढलेला फेस. त्यात केशर आणि वेलदोडा. थंडाईत बडीशेप, खसखस आणि गुलाबाच्या पाकळ्यांच्या जोडीला चक्क काळी मिरी असते, आणि साखरही असते. गोडात मिरी! जन्माष्टमीला आपण सुंठवडा वाटतो, येथे धन्याची पंजिरी वाटतात. एकाकडे सुंठ गोड होते, दुसऱ्याकडे धने. कचोरीबरोबर वाढल्या जाणाऱ्या कोंहड्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीत गूळ आणि आमचूर दोन्ही पडतात. ज्या शेजारणीला आपल्या आमटीतील गूळ खटकत असे, तिच्याच घरच्या लग्नात आम्ही ही भाजी जेवून आलो आहोत.

आणि चूडा-मटर! पौष महिन्यात हिरवा मटार कोवळा असताना पोहे थोड्या दुधात किंवा सायीत भिजवून, तुपात जिरे, आले, मिरी आणि गरम मसाल्याबरोबर परततात आणि वर बेदाणे घालतात. आपले कांदेपोहे मोहरी-हळदीचे, हे उष्ण मसाल्याचे. आमच्या घरी दोन्ही होतात. मार्गशीर्ष लागला की कांदेपोह्यांची रजा सुरू होते, ती थेट होळीपर्यंत. मुलांना यांपैकी मराठी कोणते आणि बनारसी कोणते, हे विचारून पाहिले तर ती क्षणभर विचारात पडतात.

येथे एका विषयाकडे थोडे थांबून पाहणे अगत्याचे आहे, कारण तो काशीतील मराठी घरांचा खास आहे. काशी, प्रयाग आणि गया या त्रिस्थळी यात्रेसाठी महाराष्ट्रातून येणारी मंडळी पिढ्यान् पिढ्या येथील मराठी उपाध्यायांच्या घरी उतरत आली. त्यामुळे या घरांत श्राद्धाचा स्वयंपाक ही वर्षातून एखाद्या दिवशी उद्भवणारी गोष्ट नव्हती. पितृपक्षात तर तो रोजचाच. आणि जुन्या वळणाच्या घरांत या स्वयंपाकाला मिरची वर्ज्य. तिखटपणा आणावयाचा तो मिरीचा आणि आल्याचा. मिरची ही पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या देशात आली. श्राद्धाच्या चुलीने तिला दारातच थांबविले आणि मिरीची जागा मिरीलाच ठेवली. आमच्या मते श्राद्धाची आमटी हा आपल्या पाककलेचा सर्वांत जुना जिवंत थर आहे. नारायणभट्टांच्या पंक्तीत वाढली जाणारी आमटी मिरीनेच तिखट झालेली असणार, असे आम्ही समजतो. आणि ज्या घरांत ती आजही तशी होते, त्या घरातील ताटावर बसणे म्हणजे भाषणाच्या आरंभी उल्लेखिलेल्या नामावळीच्या पंगतीला बसण्यासारखे आहे. श्राद्धाला मान खाली घालून जेवावयाचे असते, म्हणून या आमटीची स्तुती कोणी मोठ्याने केली नाही, एवढेच.

मग देशावरून आलेले पाहुणे काय म्हणतात? “तुमच्याकडचा स्वयंपाक आता उत्तरेकडचा झाला हो!” हे वाक्य या सभेतील कोणी ऐकले नसेल, तर त्याने हात वर करावा. आमटीत मोठा वेलदोडा लागला, मसाल्यात खोबरे कमी वाटले, आमसुलाऐवजी चिंच वा आमचूर आले, की हा शेरा ठरलेला. आम्ही त्याचा राग मानीत नाही, पण तो स्वीकारीतही नाही. पुणे, सातारा, नागपूर आणि बेळगाव येथील चार घरांतील मसाला तरी एक आहे काय? नागपूरकडचा मसाला चाखून पुणेकर पाणी मागतात. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले आणि दूरदेशी गेलेल्या असंख्य मुलींना त्या पुस्तकाने आईची जागा दिली, याबद्दल आमच्या मनात कृतज्ञता आहे. पण छापील प्रमाण हाती आल्यावर आपल्या घरचे प्रमाण चुकीचे ठरते, अशी समजूत काही ठिकाणी रूढ झाली, ती मात्र आम्हांस मान्य नाही. काशीचा मराठी मसाला हा पुण्याच्या मसाल्याची फिकट प्रत नव्हे. येथील तमालपत्राचा, येथील आदमचिनीचा आणि येथील थंडीचा तो मसाला आहे.

खरी चिंता निराळी आहे. घरी मसाला कुटणारी घरे आपल्या मंडळात आता फारच थोडी उरली आहेत. मुले बंगळूरला, पुण्याला, परदेशी गेली. मागे राहिलेल्या दोन वृद्धांसाठी अर्धा किलो धने कोण भाजणार? बाजारात पुडी मिळते. पुडीला आमचा विरोध नाही, ती अडीअडचणीला उपयोगी पडते. परंतु पुडीवर नुसते ‘गरम मसाला’ लिहिलेले असते आणि मग तोच एक चमचा आमटीत, उसळीत, भरल्या वांग्यात आणि चूडा-मटरमध्येही पडतो. सारे पदार्थ एकाच वासाचे होतात. लवंग केव्हा अख्खी, केव्हा कुटलेली. वेलदोडा केव्हा आधी, केव्हा शेवटी. हा विवेक पुडीत भरून विकता येत नाही.

परदेशी असलेल्या मुलांविषयी मात्र आम्ही निराश नाही. अमेरिकेत हिवाळ्याच्या तोंडावर लाल भोपळ्याचा गोड पाय करतात, त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग हेच चार मसाले असतात. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या एका कन्येने फोनवर सांगितले की पहिल्या वर्षी हा वास दुकानात आला तेव्हा तिला घारग्यांची आठवण होऊन रडू आले. युरोपातही मध्ययुगात हे मसाले मांसाच्या रश्श्यात पडत. पुढे सतराव्या शतकापासून तेथील स्वयंपाकाने त्यांना हळूहळू गोडाच्या बाजूस सारले. आपण तसे केले नाही. तेव्हा त्या मुलींच्या फडताळात सामग्री आहेच. केकच्या शेजारी ठेवलेली दालचिनी उचलून आमटीत टाकण्याचे धैर्य तेवढे हवे. तेथे आणि येथेही बाजारात जी जाड साल मिळते ती बहुधा खऱ्या सिंहली दालचिनीची नसते. मसाल्याला ती चालते, किंबहुना बरी, पण खिरीत घालावयाची असल्यास पातळ, कागदासारखी गुंडाळलेली साल शोधावी.

या भाषणाच्या निमित्ताने आम्ही काही घरांतील जुन्या वह्या पाहिल्या. त्यांत एक मोठी मौज आणि एक मोठा धोका आढळला. वह्यांतील प्रमाणे शेर, पावशेर आणि ‘रुपयाभार’ अशा मापांत आहेत. रुपयाभार म्हणजे चांदीच्या जुन्या रुपयाचे वजन, एक तोळा, सुमारे ११.६६ ग्रॅम. एका घरातील नातीने आजीच्या वहीत ‘लवंगा रुपयाभार’ असे वाचून काट्यावर आजचा एक रुपया ठेवला. २०११ नंतरच्या या नाण्याचे वजन ३.७९ ग्रॅम, म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. धने मात्र पावशेर म्हणजे पाव किलो, असे धरून तिने जवळजवळ बरोबर घेतले. शेर ८० तोळ्यांचा, म्हणून पावशेर २३३ ग्रॅम भरतो. मसाला अगदी निर्जीव झाला आणि दोष आजीच्या आठवणीवर गेला. आजी हयात असती तर तिने काट्याकडे न पाहता मुठीने लवंगा टाकल्या असत्या.

म्हणून आम्ही त्या वह्यांतील प्रमाणे ग्रॅममध्ये मांडून पाहिली. घरोघरी फरक आहेत, तथापि साधारण मेळ असा बसतो. धने अर्धा किलो. पांढरे तीळ आणि किसलेले सुके खोबरे प्रत्येकी १०० ग्रॅम, ही दोन्ही कोरडीच भाजावयाची. जिरे ५० ग्रॅम, शहाजिरे २०. दालचिनी, लवंग, मिरी, दगडफूल आणि तमालपत्र प्रत्येकी १० ते १५ ग्रॅम. काशीच्या बहुतेक वह्यांत तमालपत्राचे माप दालचिनीहून थोडे अधिक आहे. नागकेशर आणि मोठा वेलदोडा प्रत्येकी ५ ते १० ग्रॅम, जायपत्री ५, हिंग आणि हळकुंड प्रत्येकी १०. खडे मसाले थोड्या तेलात एकेक करून निरनिराळे परतावे. एकत्र टाकले तर दगडफूल जळते आणि धने कच्चे राहतात. लवंग फुलली की लगेच काढावी. ती काळी पडली तर सबंध मसाला कडू होतो. सारे पूर्ण गार झाल्यावरच कुटावे आणि खोबरे-तीळ अखेरीस मिसळावेत, कारण त्यांना आधी तेल सुटते आणि चाळण बुजते.

मसाला करण्याचा काशीतील काळ होळीनंतरचा. तेव्हा ऊन कडक असते, लू सुरू झालेली नसते आणि पावसाची दमट हवा दूर असते. कार्यकारिणीच्या संमतीने असे ठरले आहे की होळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ८ वाजता मंडळाच्या अंगणात एकत्र मसाला करावयाचा. धने, तीळ आणि खोबरे मंडळ आणील. बाकीचे जिन्नस प्रत्येक घराने आपल्या वहीप्रमाणे आणावेत, आणि वहीही बरोबर आणावी. तिची नक्कल तेथेच उतरवून घेतली जाईल. ज्यांच्याकडे वही नाही पण हाताला माप ठाऊक आहे, अशा वृद्ध भगिनींसाठी काट्याजवळची खुर्ची राखून ठेवलेली आहे. त्यांनी आपल्या मुठीने घालावे, वजन आम्ही टिपून घेऊ. दोन खलबत्ते कमी पडत आहेत. ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनी कृपया कळवावे.